चोविसावा दिवस

दिल्लीत आठवी बैठक उठली तेव्हा
आम्ही हेडलँड सड्यावर कपडे आत घेत होतो.
धक्क्यावरचा कोळसा वाऱ्यावर बसून वर येतो,
आणि वारा फिरल्याचे आधी कळते
दोरीवरच्या पांढऱ्या शर्टांना.

लाडू हरमलकरांचा फोन युनियनच्या कचेरीत आला:
ते साडेआठवर, आम्ही बारावर,
मग जेवणाची सुट्टी.
मागे कुणीतरी तमिळमध्ये हसत होते.
तुतिकोरिनचा, हरमलकर म्हणाले, बोलतो कमी,
पण पाण्याचा ग्लास टेबलावर असा ठेवतो
की समोरचे साहेब कागदातून मान वर काढतात.

पारादीप, कांडला, विशाखापट्टणम.
यांतले एकही बंदर मी पाहिलेले नाही.
तरी तिथल्या कारकुनाला मिळेल ते मला मिळणार,
त्याने सोडले ते माझ्या ताटातून जाणार.
नाव ठाऊक नाही, तोंड ठाऊक नाही.
इतके जवळचे नाते मला सासरीही नाही.

अर्धा टक्का म्हणजे किती गो बाय,
क्रेनवरच्या पास्कोल मिनेझिसने खिडकीशी येऊन विचारले होते.
मी त्याच्याच पगाराच्या चिठ्ठीमागे आकडा मांडला:
महिन्याला दोनशे चाळीस.
तो म्हणाला, म्हणजे इसवणाचे दोन तुकडे.
एक माझा, एक आंतोनेतचा.
मग पोरांनी काय, नुसती कडी ओरपायची?
हरमलकराला सांग, एक टक्का माग.

दहाव्या बैठकीआधी पास्कोल गेला.
क्रेनवर नव्हे. घरी, अर्धी दाढी झालेली असताना.

करार पहाटे तीनला झाला. नऊ टक्के.
म्हणजे साडेआठ, आणि इसवणाचे दोन तुकडे.
हरमलकर वास्कोच्या फलाटावर उतरले,
एकाने गळ्यात अबोलीचा हार घातला,
दुसरा तिथेच म्हणाला, विकून आलास.
त्यांनी दोघांनाही मान डोलावली
आणि रिक्षा शोधायला लागले.

चौसष्ट पाने.
बूट, रेनकोट, रात्रपाळीचा चहा, कपडे धुण्याचा भत्ता.
पट्ट्याखालचा कोळसा झाडणारा मंजुनाथ, कंत्राटदाराचा माणूस,
तीच पाळी, तीच धूळ, तोच खोकला,
विचारायला आला, आम्ही कुठल्या पानावर?
मी पाने उलटत राहिले. तो थांबला बराच वेळ.
मग धुण्याच्या भत्त्यापाशी बोट ठेवून
स्वतःच्या शर्टाकडे पाहून हसला.
त्या हसण्याला माझ्याकडे रकाना नव्हता.
अजून नाही.

थकबाकी काढायचे काम माझे.
जिवंतांची सोपी, महिने मोजायचे.
पास्कोलची सव्वीस महिने आणि तेवीस दिवस.
आंतोनेत चष्मा पुसून आकड्यांवरून बोट फिरवत गेली.
हे तेवीस कसले?
त्या महिन्यात तो तेवीस दिवस होता, मी म्हटले.
चोवीस, ती म्हणाली.
चोविसाव्या दिवशी सकाळी त्याने पोदेराला हाक मारली,
सहा पाव घेतले, सुट्ट्यावरून हुज्जत घातली.
मेलेला माणूस सुट्ट्यावरून भांडतो?

मी फाईल घेऊन जिना चढले.
लेखाधिकारी म्हणाले, तारीख तेवीसचीच धरलीय,
एका दिवसासाठी आता सगळे बिल फिरवायचे?
मी उभी राहिले.
ते म्हणाले, नियम बघावा लागेल.
मी म्हटले, बघा.
ते म्हणाले, उद्या.

कोपऱ्यातल्या माठातून मी पाणी घेतले,
अर्धे प्याले,
आणि ग्लास त्यांच्या टेबलावर ठेवला,
बऱ्यापैकी आवाज होईल असा.