पहिला रकाना

जालना एमआयडीसी, फेज दोन. पत्र्याखाली
सोल्डर आपोआप वितळेल की काय, असं ऊन.
मी वजनकाट्याच्या पेटीतला मेंदू लिहिते.
चिप जुनी, भाषा सी.

"सीमध्ये क्लास नसतात," मी म्हटलं,
तर बाकलीवाल शेठ म्हणाले, "मग लातूरला धाडा तिला."

काटे तीन. भंगाराच्या ट्रकचा, मोसंबीच्या क्रेटचा,
आणि बियाण्याच्या पाकिटांचा, ग्रॅममध्येच बोलणारा.
तिघांना एकच विचारायचं होतं: वजन सांग.
ज्यानं त्यानं आपल्या रीतीनं सांगावं.
एवढंच. पण एवढंच भाषेला येत नव्हतं.

मग स्ट्रक्ट बांधलं, गाठोडं बांधतात तसं.
आकडे आत. फंक्शन काही आत मावेना,
म्हणून त्याचा पत्ता चिठ्ठीवर लिहून खोचला.
आणि हाक मारताना दर वेळी सांगायचं, तू कोण ते.
या भाषेत कुणालाच स्वतःचं नाव आठवत नाही.

मुनीरभाई वेल्डर डोकावले. "काय करायलीस?"
"नाही ते आणायलेय."
स्कूटरच्या इंजिनावर फवारणीचा पंप चालवलेला माणूस,
पुढं काही विचारलं नाही.

वारसा अवघड गेला.
आपल्याकडं बापाचं नाव मधे येतं:
रेवती गोरखनाथ मस्के.
आई तर आत्ता आत्ता फॉर्मवर आली, तीही जीआर निघाला तेव्हा.
इथं बाप पहिल्याच रकान्यात पाहिजे,
शून्याव्या बाइटला.
त्याच्यापुढं एक आकडा जरी येऊन बसला
तर लेकराला बापाच्या नावानं हाक मारता येत नाही,
आणि कंपायलर ब्र काढत नाही.

तसंच झालं. मीच घाईत तारीख वर टाकली.
रात्री पावणेदोनला रोलिंग मिलवरून फोन.
ट्रक काट्यावर उभा, मागं अकरा गाड्यांची रांग,
ड्रायव्हर वैतागलेला:
"मॅडम, वजन विचारलं तर हा तारीख सांगायलाय.
कोर्टात आणलंय का मला?"

एक ओळ खाली सरकवली. बस्स.
वर कॉमेंट लिहिली: बाप पहिला, हलवू नये.
भाषेत नियम नाही, तर निदान चिठ्ठी असावी.
वाचणारा वाचेल. मीच वाचली नसती कदाचित.

सकाळी शेठ म्हणाले, चौथा काटा आलाय,
सरकीच्या पोत्यांचा.
भाषा होती तशीच आहे, तिला यातलं काही ठाऊक नाही.
चहा निवत होता.
मी नवं गाठोडं उघडलं
आणि आधी बाप ठेवला.