सात मिनिटांचा बॅकअप

बिटको पॉइंटच्या मागे, झेरॉक्सच्या दुकानावर,
सायमन भालेरावच्या कॅफेत आठ मशीन होती.
तासाला पंधरा रुपये. चपला बाहेर.
सहा नंबरचा माउस उजवीकडे जायचा नाही,
म्हणून तिथे बसणाऱ्याचं आरमार
सगळं आकाश डावीकडूनच जिंकायचं.

आकाश म्हणजे काळं. इतकं काळं
की काचेत आधी आपलंच तोंड दिसे,
मग त्याच्या आत कुठेतरी, कपाळापाशी,
एक मोठं जहाज. आईजहाज म्हणायचो आम्ही.
त्याच्या पोटातून बारकी जहाजं निघायची,
खडकांपर्यंत जायची, खडक खरवडायची,
ओझं घेऊन यायची, रिती व्हायची, पुन्हा जायची.
वर कोपऱ्यात आकडा वाढायचा.

माझे वडील प्रेसमध्ये.
नाशिकरोडला नुसतं प्रेस म्हटलं तरी कळतं, कसली.
पाळी सुटली की गेटवर झडती:
खिसे, डबा, डब्याचं झाकण.
दिवसभर कोट्यवधी हातांखालून गेलेले
आणि संध्याकाळी दोन्ही हात वर.
मला खेळायला पैसे द्यायचे
तेव्हा दहाची नोट आधी उजेडाला धरायचे.
सवय.

शुद्धोधन गांगुर्डे माझ्याविरुद्ध बसायचा.
मी चढाईचा गडी. मेलं एक, बनव दुसरं.
त्याला टेहळणीचं जहाजसुद्धा
अंधारात धाडायला जीव होत नसे.
"आत कुणीतरी बसलंय ना," म्हणायचा.
"कोण बसलंय? पस्तीस युनिटांचं पत्र्याचं डबडं ते."
तो गप्प. आणि डबडं आणखी थोडं मागे.
अर्थात हरायचा. दर रविवारी हरायचा,
आणि हरून उठताना
माझ्याही वाटचा कटिंग सांगायचा.

मग ती मे महिन्यातली दुपार.
भारनियमन वेळापत्रकाच्या आधीच आलं.
पंखा थांबला, यूपीएस केकाटायला लागले,
सायमन ओरडला, "सातच मिनिटं पोरांनो,
काय मारायचं ते मारा!"

मी सगळं झोकलं. हातचं काही राखलं नाही.
त्याच्या हद्दीत घुसलो
तर समोर लढायला कुणीच नाही.
मान वाकडी करून त्याच्या पडद्यावर पाहिलं.
घाम गळत होता त्याच्या हनुवटीवरून
आणि तो लांबच्या खडकांवर गेलेलं
एकेक जहाज घरी बोलावत होता.
पंचवीस. सव्वीस. सत्तावीस.
माझ्या तोफा चालू. तो मोजतोय.
अठ्ठाविसावं दाराशी होतं
तेव्हा पडद्याचा पांढरा ठिपका झाला.
मग ठिपकाही गेला.

कोण जिंकलं, यावर मी मुक्तिधामपर्यंत भांडलो.
एकट्यानेच.
तो वळणावर एवढंच म्हणाला,
"एक राहिलं रे बाहेर."

आता तिथे मोबाइलची कव्हरं विकतात.
शुद्धोधन भुसावळला, रेल्वेच्या कंट्रोलमध्ये;
रात्रभर पडद्यावर रेषा, रेषांवर गाड्या.
फोन केला तर म्हणतो, थांब, एक मालगाडी आत घेतो.
मी अंबडच्या कारखान्यात खरेदी बघतो,
आणि पुरवठादाराला शेवटच्या पैशापर्यंत पिळतो.
चांगला पिळतो, असं साहेब म्हणतात.

गेल्या महिन्यात तोच खेळ लॅपटॉपवर घेतला.
जहाजांना आता सावल्या पडतात.
वडील शेजारी येऊन बसले,
चष्मा कपाळावरून खाली ओढला.
"ही बारकी काय करतात?"
"माल आणतात."
"गेटवर बघतात का त्यांना?"
"नाही बाबा. सरळ आत."
"बरंय," म्हणाले.
बराच वेळ बघत राहिले.
"आणि सुटी कधी होते?"

मला सांगता येईना.
माझं बोट चढाईच्या बटणावर होतं.
त्यांनी काचेला नख टेकवलं, पार कडेला,
जिथे एक ठिपका उगाच लुकलुकत होता:
"हे बघ, हे एक फार लांब गेलंय."