लाइन आली

शाळेच्या दाखल्यावर तू एक जूनची.
गुरुजींनी त्या साली सगळीच लेकरं एक जूनला जन्माला घातली,
खंदारेंचा दत्तू, मोमीनांची शमा, तू.
मी काही बोलले नाही. मला तरी कुठं तारीख ठाऊक होती?
ठाऊक होतं ते एवढंच :
महालक्ष्म्या उठल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी,
बियाण्याच्या प्लॉटवर क्रॉसिंग भरात,
आणि आदल्या सांजेला मी सोलून ठेवलेल्या सातशे कळ्यांना
सकाळी दुसऱ्याच बाईनं नराचं फूल लावलं.

पुढं नोकरी लागल्यावर तूच कुठून तरी
तेव्हाचं कॅलेंडर मिळवून आणलंस,
एका चौकोनावर बोट ठेवलंस,
म्हणालीस, माय, हा बघ माझा दिवस.
आज त्या चौकोनाला चाळीस वर्षं झाली.

केक अंबडच्या बेकरीतला, तुझ्या लाइनस्टाफच्या पोरांनी आणलेला.
'शिवकांता'मध्येच जागा संपली,
'मॅडम' खालच्या ओळीत घसरलं.
वर दोन मेणबत्त्या, एक चार, एक शून्य.
मोबाइल हातभर लांब धरून तू कुणाचा तरी मेसेज वाचत होतीस.
मी ओळखलं. चाळिशी लागली पोरीला.

मग सुरी धरलीस आणि अंगठा दिसला तुझा.
नख मधोमध चिरलेलं.
पक्कडीनं नाही झालेलं ते, पोलानं नाही.
पाचवीतलं आहे.
कळीचं साल काढायला बारीक नख लागतं,
बाईमाणसाचं बोट जाड पडतं, असं सुपरवायझर म्हणाला
आणि मी तुझं दप्तर खुंटीला टांगलं.
दोन महिने. दिवसाला तेरा रुपये.
हजार कळ्या, हजार लाल दोरे.
तू रडली नाहीस. मोजत होतीस.
तिचं गणित तिथंच पक्कं झालं, असं मी बायांत सांगते,
बाया हसतात, मीही हसते.
एवढं खोटं मी दुसरं कुठलं बोललेले नाही.
लेकीची माफी मागायची तर कशी मागतात?
चार पत्रे आले होते त्या पैशात.
त्याच पत्र्यांखाली आज केक.

आणि नेमकी लाइन गेली.

अंधारात सगळे तुझ्याकडंच वळले, तू दिसत नव्हतीस तरी.
फोन वाजला. "मॅडम, डीपी उडाली."
नव्या ड्रेसवर हेल्मेट चढवलंस, बूट घातलेस,
"कापू नको गं माय, आलेच,"
आणि तुझ्या मागं पोरं दोन गाड्यांवर.

मी आणि केक.
फुंकून विझवायच्या असतात म्हणे ह्या.
माझ्यानं झालं नाही.
शून्य आधी वितळायला लागलं.

आता तू खांबावर असशील.
बारा वर्षं झाली, मी एकदाही येऊन बघितलं नाही.
लोक सांगतात, तुमची शिवकांता अशी चढते,
जसा कुणी माडीचा जिना चढावा.
मी हो हो म्हणते आणि घरात येऊन बसते,
काही तरी निवडायला घेते. निवडलेलंच पुन्हा.

तू झालीस त्या रात्रीही लाइन नव्हती.
सुईणीनं कंदील वर धरला, बघितलं,
दाराबाहेर सांगितलं, "पोरगी आली."
बाहेर कुणी काही बोललं नाही.
कुणी तरी बिडी पेटवली,
ती काडी मला फटीतून दिसली. तेवढीच.

आणि आत्ता एकदम पंखा घरघरला,
मोमीनांच्या ओट्यापासून मारुतीच्या पारापर्यंत
गल्लीतली झाडून सगळी लेकरं ओरडली,
आलीऽऽ! आलीऽऽ!

मीही ओरडले. साठीची बाई, घरात एकटी.

केकला मुंग्या लागल्यात.
चारचं नुसतं टोक उरलंय.
ये आता.