दोन पट्टे

अस्थिमज्जेचा थेंब काचेवर वाळला.
सोलमाझनं तो जांभळ्या रंगात बुडवला, धुतला,
खिडकीत तिरका उभा केला,
जिथून ढग नसले तर सबलान दिसतो,
भर जुलैत डोक्यावर बर्फ घेतलेला.

भिंगाखाली ते होतेच.
पेशीच्या पोटात दाटीवाटीनं,
एक गोल ठिपका, शेजारी आडवी काडी,
सगळे एका चेहऱ्याचे.
भिंग जात सांगत नाही.
आहेत, एवढंच सांगतं.

मुलीचं नाव आयतेकीन, वय तीन.
प्लीहा बेंबीखाली उतरलेली.
फ्रॉकची वरची दोन बटणं लागतात,
खालची तीन नाही.
बाप बायराम, वरच्या कुरणात मेंढ्यांमागे राहणारा,
रोज सकाळी येऊन दाराशी उकिडवा बसतो
आणि एकच विचारतो:
कुत्र्यापासून आलं का?

गाराबाश. काळ्या डोक्याचा, एक कान लांडग्यानं नेलेला.
कुणीतरी बायरामला आधीच सांगून ठेवलंय
की या खोऱ्यात हा आजार कुत्र्यातून वाळूमाशीत,
वाळूमाशीतून लेकरात.

आजार हा शब्द इकडचाच.
चालत चालत आपल्याकडे आला, वाटेत जरा मऊ झाला.
इथे त्याचा अर्थ अजून छळ असाच होतो.

इंजेक्शनं सुरूच होती. जात कुठलीही निघो,
सुई तीच, मांडी तीच, रडणं तेच.
मोठे डॉक्टर म्हणाले, मग हा खटाटोप कशाला?
सोलमाझ काही बोलली नाही.
दुसऱ्या काचेवरचा थेंब तिनं पात्यानं खरवडला,
चिमूटही नव्हता, नळीत घातला.
यंत्र रात्रभर तापलं, निवलं, तापलं, निवलं.

सकाळी जेलीच्या पाटीवर, निळ्या उजेडात,
नेहमीच्या ओळखीच्या जातीचे तीन पट्टे.
आयतेकीनच्या रांगेत दोन.

तिनं पुन्हा केलं. दोनच.
म्हणजे ही ती नव्हे. ही दुसरी,
एरवी गालावर, मनगटावर फोड उठवून थांबणारी,
वर्षभरानं वण ठेवून निघून जाणारी.
या एका पोरीत हिनं इतकं आत का उतरावं
ते पट्ट्यांत लिहिलेलं नसतं.

ती बाहेर धावली, हातात मोजे तसेच.
"म्हणजे गाराबाश नाही?"
"बहुतेक नाही."
बायरामनं टोपी काढली,
आत बघितलं, परत घातली.
"परवा," तो म्हणाला, "नदीपलीकडे नेला. एकच गोळी लागली."

अहवालाच्या कागदावर जातीच्या जागी
एकच नाव छापून आलेलं असतं.
सोलमाझनं ते खोडलं, वर पेनानं दुसरं लिहिलं, सही केली.
शेऱ्याचा रकाना बराच वेळ बघत राहिली.
मग तसाच सोडला.

अठराव्या दिवशी तिसरं बटण लागलं.
आयतेकीन आता बसते, ब्रेड खाते,
कुत्रा कुठंय म्हणून विचारते.
बाप तिच्या कानाशी वाकून काहीतरी सांगू लागतो.
पलीकडच्या खोलीत सोलमाझ
नळ मोठा सोडते
आणि धुतलेल्याच काचा पुन्हा धुते.