मोठा मोर

राजमणी म्याकल यांनी बुटाचं खोकं काउंटरवर ठेवलं.
आत एकवीस सीडी, चार फ्लॉप्या,
आणि एक हार्ड डिस्क,
तिच्यावर स्केचपेननं लिहिलेलं: मोठा मोर.

"किती वर्षं चालतंय ओ हे?"

नवी पेठेत असं कुणी विचारत नाही.
विचारतात, किती होतील.

मी एक सीडी उजेडात धरली.
कडेला पितळी डाग, मधे टाचणीएवढी भोकं,
एकातून समोरच्या बँगल स्टोअरची पाटी दिसली.
वेष्टनावर कंपनीनं शंभर वर्षं छापलेली.
कंपनीनं अक्कलकोट रोडचं पत्र्याचं शेड पाहिलेलं नाही,
मे महिन्यातलं चव्वेचाळीस,
श्वासागणिक आत जाणारा सुताचा भुगा.
मी शंभरातून वजा करत गेलो.
वहीत आकडा लिहिला, खोडला.

म्हणालो, काही गेल्यात. काही दिवाळी बघतील.
डिस्क फिरेल, पण बहुतेक एकदाच.

डिस्क फिरली.
तीन मिनिटं. मग टकटक, मग काही नाही.

रविवारी त्यांनी मला शेडवर बोलावलं.
मागाच्या डोक्यावर, दोरीत ओवलेली
पुठ्ठ्यांची लांबच लांब माळ.
"मामंजींनी पाडलेत. अठ्ठ्याहत्तर साली."
भोक असेल तर दोरा वर, नसेल तर खाली.
माझा अख्खा धंदा या दोन शब्दांवर चालतो
आणि मी तो पहिल्यांदाच बोटानं चाचपला.

फक्त दोनशे बारा ते दोनशे तीस
उंदरांनी नेलेले.
तिथे मोराची मान होती.

राजमणीबाईंनी बाजेवरची चादर ओढली,
झटकली, उलटी केली.
उलट्या बाजूला रंग उलटे,
पिवळ्या अंगणात लाल मोर,
मान शाबूत, चोचीजवळ चहाचा डाग.

चादरीचा अंदाज मला देता येत नाही.
धुणं, ऊन, कोण पांघरतं, किती कूस बदलतं.

त्यांनी भिंग घेतलं. मी वही.
वर, वर, खाली, वर.
उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे,
ऑपरेशनची तारीख दोनदा पुढे गेलेली.

पुठ्ठा दोनशे एकोणीस.
"वर," त्या म्हणाल्या.
पदरानं भिंग पुसलं.
"थांबा ओ. खाली असंल."