साडेनऊ तास जादा

नागपूर ते टोरांटो, सरळ उडालं तर
बारा हजार चारशे नव्वद किलोमीटर.
मोनालीने जायच्या आधी मोबाइलवर दाखवलं.
मी लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर सहाने भागलं.
सहा किलोमीटरचा एक टप्पा :
आर्वी आगारात एकतीस वर्षं हाच हिशोब.
दोन हजार एक्क्याऐंशी टप्पे, वर चार किलोमीटर.
अर्धवट टप्प्याचंही भाडं पूर्ण,
म्हणून ब्याऐंशी.

लाल गाडीने तासाला चाळीस धरले
तर तेरा दिवस.
पंक्चर धरलं नाही.
कोंढाळीचा चहासुद्धा नाही.

पण सरळ म्हणजे कुठून?
भोयर मास्तरांनी शाळेतल्या पृथ्वीगोलावर सुतळी ताणली.
मला वाटत होतं मुंबईवरून, समुद्रावरून, मावळतीकडे.
सुतळी निघाली वर.
हिमालय, त्याच्या वर रशिया,
मग नुसती पांढरी जागा,
जिथे गाव नाही, फाटा नाही,
विनंती थांबाही नाही,
आणि पलीकडच्या अंगाने खाली उतरली.
गोलाला एका जागी पोचा होता,
कोण्या पोट्ट्याने पाडलेला.
सुतळी त्याच्याच काठाने गेली.

घरी सांगितलं तर कुसुम म्हणाली,
"खाली कोनीच नाही म्हनता,
मंग बंद पडलं तं धक्का कोन मारन?"
मी हसलो.
रात्री कूलरच्या घरघरीत
मीच उठून दोनदा घड्याळ पाहिलं.

सरळ कोणी जात नाही म्हणा.
दिल्लीला उतरायचं, बॅगवर पाय ठेवून बसायचं.
शुक्रवारी पहाटे तीनला ती तिथून उडाली.
पंधरा तास हवेत.
इकडे संध्याकाळचे सहा, मी कूलरमध्ये बादली ओततोय,
आणि फोन वाजला :
"पोचली बाबा. सकाळचे साडेआठ झाले. शुक्रवारच आहे."

तीनला निघाली, साडेआठला पोचली.
घड्याळात साडेपाच तास,
प्रवास पंधरा तासांचा.
हे वे-बिल जुळत नाही.
आमच्यात पेटीत पैसे कमी भरले
तर पगारातून कापत,
पण जादा निघाले तरी चौकशी लागे.
एकदा पुलगावच्या फेरीत साडेसात रुपये जास्त निघाले,
तेव्हाची झोप अजून भरून निघाली नाही.
आता हे साडेनऊ तास
मी कोणत्या खिडकीवर जमा करू?

"परत येईन तेव्हा वळते होतील बाबा," मोनाली म्हणाली.
तिकीट एकेरी आहे, हे दोघांनाही माहीत.
मी फक्त "हो" म्हटलं.

कुसुम उंबऱ्यात तांदूळ निवडत होती.
बराच वेळ गप्प.
मग सूप खाली ठेवून म्हणाली,
"तिचा आजचा दिवस लांबला म्हनता साडेनऊ तासानं?
मंग एक जेवन जास्त लागलं असन तिले.
मी तं दोनच पोया बांधून देल्या."