अर्धा फेरा

वाल्पराइसोत सपाट असं काही नाही.
म्हणजे समुद्र आहे, पण तो खाली.
आमच्या घरात सांडलेला वाटाणा
पडला तिथे कधी सापडत नाही.
स्वयंपाकघरात हरवलेलं
गॅलरीच्या कठड्याशी शोधायचं,
हे यास्ना बोलायच्या आधी शिकली.

आता तिची रायेन उभी राहते.
खुर्ची धरून, पडदा धरून, माझी विजार धरून,
आणि मग सगळंच सोडून, दोन्ही हात वर,
जणू कुणी तिला लुटायला आलंय.

पांगुळगाडा घेऊ या, यास्ना म्हणाली.
जावई खाणीवरून फोनवर म्हणाला,
गाणी वाजतात ना, तसला घ्या.
मी म्हटलं, आधी ब्रेक बघू.
दोघंही हसले.
हसू देत.
सव्वीस वर्षं मी टेकडीच्या माथ्यावर
ब्रेकच्या दांड्याशी बसलो,
तारेला बांधलेले दोन लाकडी डबे,
एक वर, एक खाली.
गॅसच्या टाक्या नेल्या, नवऱ्यामुली नेल्या,
एकदा एक पियानो, आडवा, शेजारी त्याचा मालक रडवेला.
चढताना लोक समुद्र बघायचे.
उतरताना तार.

रविवारच्या जुन्या बाजारात
दोन्या एल्सिराने फाटक्या ताडपत्रीवर तीन गाडे मांडले.
पिवळा प्लॅस्टिकचा, पिसासारखा हलका;
बोट लावलं तर थेट शेजारच्या बुटांत घुसला.
दुसऱ्याचा हत्ती कान हलवत आकडे म्हणायचा,
चारनंतर एकदम सात.
यास्नाला तो आवडला होता. मी गप्प राहिलो,
माझं गप्प राहणं तिला ऐकू येतं.

तिसरा नुसता खोका.
चार लाकडी चाकं, एक आडवी दांडी,
दांडीवर कुणाच्या तरी पहिल्या दातांच्या खुणा.
यावर किती पोरं चालली? मी विचारलं.
चालायला लागलेलं पोर
सांगायला परत येतं का, एल्सिरा म्हणाली,
आणि दोन हजार पेसो जास्तच लावले.
मी तिच्याकडे एक फळी मागितली, विटेवर टेकवली,
गाडा तीनदा सोडला. मागे गिऱ्हाईकं खोळंबली.
यास्ना दूर जाऊन मासे बघत उभी राहिली,
ती मासे खात नाही.

चाकांना सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर लावलं.
खोक्यात तीन किलो घेवडा, पिशवीत शिवून,
म्हणजे दांडी धरून उठली तर उलटणार नाही.
मागच्या आसाला एक स्क्रू, एक चामड्याची पट्टी.
रात्री दीड वाजेपर्यंत पिळत होतो.
भूकंपाला कपाटं भिंतीशी जखडतात,
तसा जखडला गाडा.

सकाळी रायेनने दांडी धरली.
ढकललं. काही नाही.
पुन्हा ढकललं, पोट लावून, कपाळ लावून.
मग माझ्याकडे बघितलं.
तार तुटल्याची अफवा पसरली होती त्या दिवशी
लोकांनी बघितलं होतं तसं.
आणि खाली बसून भोकाड पसरलं.

यास्ना काही बोलली नाही.
ओट्यावरची लोण्याची सुरी घेतली,
गुडघे टेकले,
स्क्रू अर्धा फेरा सैल केला.
फक्त अर्धा.
माझा हात तेवढ्यात हवेत गेला होता,
उजव्या बाजूला, कमरेच्या उंचीवर,
जिथे आता काहीच नाही.

चाकं निघाली.
घेवडा आत खुळखुळला.
एक पाऊल, दीड, तीन,
स्वयंपाकघरातून गॅलरीकडे,
वाटाण्याच्याच वाटेने,
लंगोट घसरलेला, तोंडाने घर्रघर्र,
आणि मुठीत मी हवा आवळलेली,
पूर्ण ताकदीनिशी,

गाडा टेबलाच्या पायाला धडकून थांबेपर्यंत.

ती मागे वळली नाही.
टेबलालाच ढकलू लागली.